वाऱ्याचे दोर

"ही काच बरी की ही?" विनिताने विचारलं, आणि खुर्चीतले काका समोरच्या अक्षरांकडे बघायचं सोडून मांडीवरच्या मोबाइलकडे बघत बसले. खोपटच्या डेपोसमोरचं चष्म्याचं दुकान, आतली डोळे तपासायची अंधारी खोली, आणि बाहेर मे महिन्यातला तो वेडा वारा. पावसाचा थेंब नाही, नुसता वारा. दुपारपासून डेपोच्या पत्र्यांचा खडखडाट चाललेला. "अहो काका, वर बघा ना," ती म्हणाली. "मॅडम, हे बघा, काय भयानक आहे! आपल्या इकडचंच, खडवलीच्या पुढचं," म्हणत काकांनी नाकावरची तपासणीची जड फ्रेम सांभाळत मोबाइल तिच्यापुढे धरला. नदीवरचा झुलता पूल होता. दोरीवर वाळत घातलेली साडी उडावी तसा आधी एका अंगाने वर उचलला गेला, मग दुसऱ्या, मग मधोमध पिळत गेला, फळ्या सुटून उडायला लागल्या, आणि एका बाजूचा जाड दोर तुटला तसा सगळाच्या सगळा पाण्यात आडवा झाला. व्हिडिओ काढणारा नुसता "आई गं, आई गं" करत होता. विनिताने पूल ओळखला. न ओळखायला काय झालं? चार वर्षं तो तिच्याच घरात राहायला होता. आणि तिला आनंद झाला. काळजी, धसका, नवऱ्याचं, ऋतुराजचं आता काय होणार, हे सगळं आलं, पण मागून आलं. पहिल्यांदा आला तो आनंद, पोटातून, गरम गरम, भूक लागल्यावर समोर वाफाळता भात यावा तसा. बरं झालं, ती मनात म्हणाली. बरं झालं, तिचा पूल पडला. मग तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटूनही आनंद काही जाईना. तिने काकांच्या फ्रेममध्ये पुढची काच सरकवली आणि विचारलं, "आता? ही बरी की आधीची?"

तिचा म्हणजे क्षिप्राचा. ऋतुराज ऑफिसात मोठा इंजिनिअर, क्षिप्रा त्याच्या हाताखालची, कल्याणची मुलगी, लग्न न झालेली. कागदोपत्री पूल ऋतुराजचा होता, पण घरात तो कधी त्याचा म्हणून आलाच नाही. आला तो "क्षिप्रा म्हणते" असाच आला. डोंबिवलीच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात जेवायच्या टेबलावर नकाशा पसरलेला, त्यावर आमटीचा थेंब पडला म्हणून विनिताने बोलणी खाल्लेली, आणि ह्याचं आपलं चालूच, क्षिप्रा म्हणते खांब मागे घेऊ या, क्षिप्रा म्हणते फळ्या लाकडाच्या नकोत. अगं, ही पोरगी एवढं म्हणते तरी कधी, झोपते की नाही? विनिताला काही म्हणायचं असेल तर ते गॅसच्या नंबराबद्दल आणि सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल. लग्नाच्या सुरुवातीला ती विचारायची, पूल लटकतो म्हणजे नक्की कशावर लटकतो? तेव्हा तो खुलून सांगायचा, तिच्या ओढणीची दोन टोकं दोन खुर्च्यांना बांधून दाखवायचा. हल्ली विचारलं की म्हणायचा, "तुला बोअर होईल गं." बोअर होईल की नाही हे तिचं तिला ठरवू द्यायचं होतं ना! एकदा त्यानेच क्षिप्राला चष्म्यासाठी विनिताच्या दुकानात पाठवलेलं. अंधाऱ्या खोलीत विनिताने तिच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिला. इतक्या जवळून कुठली बायको अशा पोरीच्या डोळ्यांत बघते? काय डोळे होते मेलीचे, तपकिरी, स्वच्छ, पापण्या लांब. विनिताने तिला शोधून शोधून एक चॉकलेटी रंगाची जाड फ्रेम दिली, जिने कुणाचाही चेहरा शाळेतल्या हेडबाईसारखा दिसावा. "वहिनी, तुम्ही म्हणाल ती," म्हणत क्षिप्राने ती मुकाट्याने घेतली. त्या रात्री ऋतुराज जेवताना म्हणाला, "क्षिप्राला फ्रेम मस्त निवडलीस, एकदम सूट होते." तेव्हापासून ती फ्रेम त्या मुलीने बदललेली नाही.

काका गेले, दुसरं गिऱ्हाईक आलं, ते गेलं. विनिताने ऋतुराजला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला नाही. दुकानातल्या पोरींनी टीव्ही लावलेला. त्यात सांगत होते की जीवितहानी नाही, दूध घालून परत येणारा काळुराम नावाचा माणूस काठाजवळ फेकला गेला, पाय मोडलाय, कल्याणला दवाखान्यात आहे. पूल चार महिन्यांपूर्वीच खुला झालेला. चौकशी होणार, जबाबदार माणसावर गुन्हा दाखल होणार. जबाबदार माणूस. विनिताला त्या शब्दावर चॉकलेटी फ्रेम दिसली आणि पोटातला तो गरम भात पुन्हा हलला. होऊ दे दाखल. बसू दे पोलीस चौकीच्या बाकावर, बघू दे तिथे कुणाला काय काय म्हणते. असं तिला वाटलं. सभ्य घरातली, देवाला रोज फूल वाहणारी बाई होती ती, आणि तिला असंच वाटलं.

कारण तो दिवस. संक्रांतीनंतरचा, उद्घाटनाचा. ऋतुराज पहाटेच गाडी घेऊन पुढे गेलेला, "तू मागून ये" म्हणून. ती नारायणपेठ नेसून, वेणी माळून खडवलीला उतरली, तिथून टमटम मिळेना, मिळाली तर वाटेत बंद पडली, आणि साखरपाड्याच्या नदीवर पोचेपर्यंत लाउडस्पीकरवर भाषणं सुरू झालेली. पाड्याची एक पद्धत होती. नदीवर पूल बांधायचा म्हणजे तिच्या अंगावर पाय देऊन जायचं. म्हणून ज्याने बांधला त्याच्या घरच्या बाईने आधी नदीची ओटी भरायची, मगच माणसांनी पाऊल टाकायचं. हे विनिताला कुणी सांगितलंच नव्हतं. ती गर्दीतून पुढे सरकत होती तेव्हा पाड्यातली म्हातारी कलावती, हातात सूप घेऊन, मंडपात शोधत होती, "साहेबांची बाई कुठंय? साहेबांची बाई?" आणि साहेबाच्या शेजारी, हातात कागद धरून, त्याच्या खांद्याला खांदा लावून कोण उभं होतं? म्हातारीने सरळ क्षिप्राचा हात धरला. गळ्यात काही नव्हतं तिच्या, पण शहरातल्या बायका हल्ली कुठे घालतात, असं म्हातारीने धरून चाललं असणार. "ये गं पोरी, डोक्यावरनं ओढणी घे." क्षिप्राने ऋतुराजकडे पाहिलं. ऋतुराज पाण्याकडे बघत राहिला. बस्. दोन शब्दांचं काम होतं, ही नव्हे. तेवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. क्षिप्राने ओढणी डोक्यावर घेतली, वाकली, खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडले, आणि पाड्यातल्या बायकांनी लगेच तिचीही ओटी भरली, हिरवा खण, नारळ. कुणीतरी तिच्या कपाळाला हळद लावली आणि ते दोघं पुलावरून पहिले चालत गेले. लाउडस्पीकरच्या खांबाला धरून, नारायणपेठ नेसून, विनिता उभी होती. शेजारची एक पोरगी तिला म्हणाली, "ताई, सरका ना जरा, साहेबांची बायको दिसत नाही." ती सरकली. परत येताना गाडीत तिने विचारलं, ओरडून नाही, नीट विचारलं. तो म्हणाला, "अगं, सगळ्यांसमोर त्या म्हातारीला काय सांगत बसू? एवढं काय त्यात!" एवढं काय त्यात. माणूस दुसऱ्या बाईशी लगट करताना सापडला तर निदान भांडता येतं. ह्या "एवढं काय त्यात"शी कसं भांडायचं?

आणि मग फेब्रुवारीत तिला तो खण सापडला. दळण गाडीत ठेवायला म्हणून डिकी उघडली, पीठ सांडलं, ते पुसायला खालची चटई उचलली तर स्टेपनीच्या खोबणीत प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला हिरवा खण. घडीत तांदळाचे दाणे. हळदीचा वास. तिने तो हातात घेतला नाही, नुसता वाकून बघत राहिली, जसं दुसऱ्या बाईच्या अंगावरचं कापड माणूस बघतं. तो जपून ठेवलाय. बायकोच्या नजरेला पडणार नाही अशा जागी ठेवलाय. चटई तिने पुन्हा अंथरली. त्यानंतर ती मधूनमधून खाली जाऊन बघायची, आहे का, घडी मोडली का, कुणी हात लावला का. भाजी आणायच्या निमित्ताने किल्ली मागायची. ऋतुराजला वाटायचं, हिला गाडी शिकायची हौस आलीय. एकदा तर तिने तो खण नाकाशी नेला, क्षिप्राच्या पावडरीचा वास येतो का बघायला, आणि पार्किंगमध्ये वॉचमन समोर आल्यावर नाक पुसल्यासारखं केलं. इतक्या खालच्या थराला गेलेली ती. रात्री तो घोरत पडायचा आणि ती छताकडे बघत त्याच्या त्या पाण्याकडे बघण्याचा अर्थ लावत बसायची. कधी तिला वाटायचं तो लाजला. कधी वाटायचं त्याला मनातून तेच हवं होतं, म्हातारीच्या तोंडून देवानेच वदवून घेतलं असं वाटलं असेल त्याला. त्या गप्प बसण्यात तिने पूर्ण संसार मांडून पाहिला दुसरा, त्यात पडदे लावले, पोरं खेळवली.

एकच रात्र तिने जिंकली होती, आणि तीही जानेवारीतली, उद्घाटनाच्या आधीची. सोलकढी केलेली होती. तो दमून आला आणि जेवता जेवता म्हणाला, "क्षिप्रा म्हणते थांबा. ते खालचे दोर ताणून झालेले नाहीत अजून." विनिताने उगाच विचारलं, कसले दोर? आणि नवल म्हणजे त्याने सांगितलं. पूल वरच्या दोरांवर लटकतो, पण वाऱ्याने उचलला जाऊ नये म्हणून त्याचं पोट खालून तिरक्या दोरांनी दोन्ही काठांना बांधून ठेवतात. साइटवरची माणसं त्यांना वाऱ्याचे दोर म्हणतात. ते ढिले आहेत, म्हणून क्षिप्रा म्हणते, तारीख पुढे ढकला. "आणि तू काय म्हणतोस?" "तारीख पडलीय गं. मोठे लोक येणार. वारा काय, मे महिन्यात सुटतो, तोवर ताणू." विनिताने टोमणा मारला, "थांब ना मग, ती म्हणते तर थांब. तिचं ऐकल्याशिवाय तुझा घास तरी उतरतो का?" तो तिच्याकडे बघून हसला, बऱ्याच दिवसांनी, आणि म्हणाला, "नाही ऐकत जा. बस?" तिने त्याला आणखी कढी वाढली. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. आज पूल मोबाइलवर पिळताना तिला वाऱ्याचे दोर आठवले नव्हते. घरी येताना, रिक्षात, समोरच्या दुकानाचा फ्लेक्स एका कोपऱ्यातून सुटून फडफडताना बघितला तेव्हा आठवले, आणि त्याबरोबर त्या कढीची चव तोंडात आली.

दार लोटलेलंच होतं. ऋतुराज आतल्या खोलीत फोनवर बोलत होता. विनिता एक चप्पल काढून, दुसरी पायात तशीच ठेवून उभी राहिली. "नाही सर," तो म्हणत होता, "खालच्या दोरांचं काम पूर्ण तिच्याकडे दिलेलं. मी तिच्यावर विश्वास ठेवला, ही माझी चूक म्हणा हवं तर. नाही, मला काही बोलली नाही. लेखी नाही, तोंडी पण नाही. सर, ती बोलली असती तर मी उद्घाटन होऊ दिलं असतं का? हो. हो, तसं लिहून देतो." आवाज साधा होता. किराणावाल्याला साबण बदलून द्या सांगावं इतका साधा. आणि विनिताला पहिल्यांदा काय वाटलं असेल? गोड वाटलं. हो, खरंच. चार वर्षं ज्या नावावर तिचा जीव जळला, ते नाव तो असं दोन बोटांनी उचलून बाहेर टाकत होता. म्हणजे काही नव्हतंच! तिचा जीव हलका झाला, ती दुसरी चप्पल काढायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली. म्हणजे काही नव्हतंच. त्याला त्या मुलीचं काही नव्हतं, मग पाण्याकडे का बघत होता? नुसताच बघत होता. ह्या क्षणीही आतल्या खोलीत तो खिडकीबाहेर बघत असणार, तोच चेहरा करून. तिला बघायची गरजसुद्धा नव्हती. तरी तिने डोकावून पाहिलं. तोच चेहरा होता.

"आलीस?" तो म्हणाला. "बघितलंस ना टीव्हीवर? माझं डोकं फुटायची वेळ आलीय. चहा टाक जरा." मग ती स्वयंपाकघराकडे वळली तसा मागून आला. "आणि ऐक, उद्या कुणी विचारायला आलं, कुणीही, तर सांगायचं, आम्ही घरी ऑफिसचं काही बोलत नाही. पुलाबद्दल तर नाहीच." विनिताने हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. "चार वर्षं दुसरं काय बोललो आपण?" "विनिता, प्लीज हां. ती लहान आहे, एकटी आहे, तिला दुसरीकडे लागेल नोकरी. माझ्यावर आलं तर हे घर, आईची औषधं, सगळंच बसेल. तूच म्हणायचीस ना, तिचं फार ऐकतो म्हणून?" हे तो कुठल्याही रागाशिवाय म्हणाला, समजावल्यासारखं. तेवढ्यात विनिताचा फोन वाजला. नाव बघितलं, क्षिप्रा. कधीतरी हळदीकुंकवाला बोलवायचं म्हणून घेतलेला नंबर, बोलावलं मात्र कधीच नव्हतं. ऋतुराजनेही नाव वाचलं. "घेऊ नको," तो म्हणाला. तिने घेतला.

"वहिनी, सर आहेत का? माझा फोन उचलत नाहीत. बरे आहेत ना ते?" आवाज रडून बसलेला. मागे दवाखान्याच्या गलबल्यात कुणी नर्सला हाक मारत होतं. "मी काळुरामदादांकडे आलेय. त्यांच्या पायात सळी घालणार आहेत. वहिनी, ऑफिसमधून फोन आलेला मला, सर म्हणतात मी काही बोललेच नाही. मी तीनतीनदा बोललेले हो. तुम्हाला काही बोलले होते का ते घरी?" आणि विनिता काय म्हणाली? शहाणीसुरती बाई, समोर एका मुलीचं आयुष्य लटकलंय, आणि हिच्या तोंडून निघालं, "तू ओटी का भरलीस?" पलीकडून आलं, "काय?" "नदीची. त्या दिवशी. तू का भरलीस?" तिला स्वतःचा आवाज ऐकून कसंतरी झालं, पण थांबवेना. क्षिप्राने नाक ओढलं. "मी म्हटलेलं त्या आजींना, मी नाही म्हणून. त्यांना ऐकायला कमी येतं. मग मी सरांना म्हटलं, वहिनी येतायत, थांबू या पाच मिनिटं. सर म्हणाले, आटप गं, कशाला घोळ घालतेस. मला इतकं वाईट वाटलेलं वहिनी. तुम्ही त्या खांबापाशी उभ्या होता ना, मी बघितलं नंतर. म्हणून मला दिलेला खण मी सरांकडे दिला, म्हटलं हा वहिनींचा आहे, त्यांच्या हातात द्या. मिळाला ना?"

विनिताने ऋतुराजकडे पाहिलं. तो ओठांवर बोट ठेवून मान हलवत होता, नको, नको. द्यायला काय झालं होतं ह्याला? दिला असता तर चार शब्द बोलावे लागले असते, एवढंच. ते चुकवायला त्याने तो स्टेपनीखाली सारला आणि विसरून गेला. जपलाबिपला काही नव्हता. ती जाऊन जाऊन बघत होती, वास घेत होती, तो खण तिचाच होता. त्याच्या गप्प बसण्याच्या आत प्रेम असेल, पाप असेल, काहीतरी असेलच असं धरून तिने स्वतःला चार महिने जाळलं होतं, आणि आत काहीच नव्हतं, रिकामं होतं. पाण्यापाशी ती स्वतः उभी असती, तिच्यावर कुणी बोट दाखवलं असतं, तर हा तिच्यासाठीही पाण्याकडेच बघत राहिला असता. त्या मुलीने तीनदा त्याच्या तोंडावर थांबा म्हटलं. विनिताला तिचा हेवा वाटला. हो, आत्ताही हेवाच वाटला, आधीच्यापेक्षा जास्त, पण आता त्यात ऋतुराज कुठेच नव्हता.

"क्षिप्रा," ती मोठ्याने म्हणाली, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "तू थांबा म्हणालीस. वाऱ्याचे दोर ढिले आहेत म्हणालीस. ह्या टेबलावर बसून, सोलकढी पिताना ह्याने मला सांगितलंय. आणि थांबू नको म्हणणाऱ्यांत मीपण होते, तेही सांगेन. कुणाला सांगायचं ते तू कळव. आणि तिथून हलू नको, मी येतेय." ऋतुराजने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "तुला कळतंय का तू काय केलंस?" तो म्हणाला. "आपलं घर बुडवलंस तू. आणि कुणासाठी, तिच्यासाठी?" तिने किल्ली खुंटीवरून घेतली आणि एक चप्पल पायात, दुसरी शोधत, खाली उतरली.

पार्किंगमध्ये वारा अजून होता, पाचोळा गोल गोल फिरत होता. तिने डिकी उघडली, चटई उचलली, पिशवी काढली. घडीतले तांदूळ तिने सांडू दिले नाहीत. वर गॅलरीत दिवा लागला. ऋतुराज कठड्याला टेकून खाली बघत होता. शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी हाक मारून विचारलं, "काय हो, वहिनी कुठे निघाल्या ह्या वाऱ्यात?" विनिताने मान वर केली आणि थांबली. खरंच थांबली, त्याच्या उत्तरासाठी. गेली म्हणाला असता, रागावला असता, नाव घेऊन ओरडला असता तरी चाललं असतं. त्याने शेजाऱ्याकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं नाही. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिला.

तिने खण पर्समध्ये ठेवला आणि नाक्यावर जाऊन कल्याणची रिक्षा केली.